बेने इस्राएलांची मराठीही जपायला हवी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यापासून तिच्या जतनाविषयी पुष्कळ बोलले जाते, पण त्यात कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या मराठीचा उल्लेख क्वचितच येतो, याचे वाईट वाटते. शनिवारी तेलाचे घाणे बंद ठेवतात म्हणून गावाने ‘शनिवार तेली’ हे नाव दिलेल्या या ज्यू समाजाची घरातली भाषा पिढ्यानपिढ्या मराठीच होती. पुण्यात 1874 साली छापलेल्या त्यांच्या ‘हग्गादा’ या वल्हांडण सणाच्या ग्रंथात हिब्रूसोबत मराठी मजकूर आहे आणि त्यातील चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क साडी नेसलेल्या आहेत. पुढे 1880 च्या सुमारास या मंडळींनी बायबलमधील कथांवर हरिदासी वळणाची मराठी कीर्तने रचली आणि ती टाळ-पेटीच्या साथीने गायली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात याला एखाद्या तळटीपेपेक्षा मोठी जागा मिळायला हवी होती.

युरोपातील ज्यूंची यिडिश ही भाषा दुसऱ्या महायुद्धापूर्वी एक कोटीहून अधिक लोक बोलत. नाझींच्या नरसंहाराने तिचा कणाच मोडला. ग्रीसमधील सॅलोनिका शहरातल्या ज्यूंची लादिनो ही स्पॅनिशमधून आलेली भाषाही 1943 मध्ये त्यांच्यासोबत ऑश्विट्झच्या नाझी मृत्युछावणीत गेली. आपल्याकडे असे काहीही घडले नाही. 1948 नंतर बहुतेक कुटुंबे स्वेच्छेने इस्रायलला गेली, मुले हिब्रूत शिकली आणि मराठी आजी-आजोबांपुरती उरली. ज्या घरात आजी तेलुगूत विचारते आणि नातू मराठीत उत्तर देतो, अशी घरे सोलापूरच्या पूर्व भागात कितीतरी आहेत, त्यामुळे ही घसरण कशी होते हे आम्हाला कोणी समजावून सांगायला नको.

यिडिशची टाकून दिलेली पुस्तके अमेरिकेत 1980 पासून ॲरन लान्स्की या तरुणाने दारोदार फिरून जमवायला सुरुवात केली आणि तो संग्रह दहा लाखांच्या पुढे गेला. आपले काम त्या मानाने फारच लहान आहे. राज्याच्या मराठी भाषा विभागाने अभिजात दर्जाच्या योजनांत यासाठी वेगळा निधी ठेवावा. रायगड, मुंबई, ठाणे येथील आणि इस्रायलमधील वृद्धांचे बोलणे, कीर्तने व सणांची गाणी ध्वनिमुद्रित करावीत आणि घरोघरच्या वह्या व जुनी छापील पुस्तके स्कॅन करून सर्वांसाठी खुली करावीत. आमच्या सोलापूर विद्यापीठानेही विद्यार्थ्यांना या विषयावर संशोधनासाठी प्रोत्साहन द्यावे. ही कीर्तने ऐकलेली माणसे आज वयाने थकली आहेत, म्हणून ध्वनिमुद्रणाचे काम तरी याच वर्षी सुरू व्हावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर