मजूर कोण आणि जमीन कोणती?

संपादक महोदय,

समाजमाध्यमांवर आपण घालवतो तो वेळ म्हणजे कंपन्यांसाठी केलेले फुकट श्रम, त्यांची मजुरी मिळाली पाहिजे, अशी मागणी हल्ली वारंवार होते. तिचे मूळ जुने आहे. प्रसारमाध्यमे जाहिरातदाराला प्रत्यक्षात प्रेक्षकच विकतात, असे माध्यम-अभ्यासक डॅलस स्माइथ यांनी १९७७ मध्येच मांडले होते. मात्र मार्क्सच्या चौकटीत ही मागणी नीट बसत नाही.

मजुरी ही श्रमशक्तीची, म्हणजे काम करण्याच्या क्षमतेची, किंमत. स्क्रोल करणारा ती कुणाला विकत नाही. त्याची वेळ, वेग आणि काम कुणी मालक ठरवत नाही. त्याच्या क्लिकचा माग उरतो, तो कच्चा माल. अपवाद रीकॅप्चाचा, म्हणजे समोर माणूस आहे की यंत्र हे तपासणाऱ्या संकेतस्थळांवरच्या चाचणीचा. २००७ च्या त्या रूपात दोन वेडेवाकडे शब्द दिसत. एक यंत्राला ठाऊक असलेला, दुसरा छापील मजकुराच्या स्कॅनमधला, यंत्राला न लागलेला. पहिला बरोबर टाइप केला की माणूस खरा ठरे आणि दुसऱ्याचे वाचन फुकटात मिळे. हे श्रमच होते, पण त्यांना मजुरीपेक्षा वेठ हा शब्द जास्त शोभतो.

हिशेबही करून पाहा. मेटाचा २०२३ चा निव्वळ नफा सुमारे ३९ अब्ज डॉलर आणि तिची ॲप्स रोज वापरणारे वर्षअखेरीस सुमारे ३.१९ अब्ज. सगळा नफा वाटून टाकला तरी माणशी वर्षाला बारा डॉलर, म्हणजे महिन्याला एक. शिवाय एकट्याने आपला डेटा काढून घेतला तर कंपनीचे काही अडत नाही, त्यामुळे एकेकट्याला भाव करता येत नाही.

इथे मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथाचा १८९४ चा तिसरा खंड उपयोगी पडतो, तोही नेमका जमिनीच्या खंडाबद्दल, म्हणजे भाड्याबद्दल. मार्क्सचे उदाहरण धबधब्याचे आहे. वाफेऐवजी धबधब्यावर कारखाना चालवणाऱ्याला जादा नफा होतो, पण तो धबधब्याच्या मालकाच्या खिशात जातो. धबधबा मूल्य निर्माण करत नाही, फक्त त्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळत नाही. साठलेल्या डेटाचे तसेच आहे. म्हणून त्याच्याबाबत खरा प्रश्न मालकीचा. युरोपच्या जीडीपीआर या डेटा-संरक्षण कायद्यातील कलम २० ने २०१८ पासून आपला डेटा दुसरीकडे नेता येतो, पण आपण पुरवलेलाच. त्यावरून कंपनीने काढलेले अनुमान त्यात येत नाही. कच्चा माल परत मिळतो, गाळलेला अर्क तिथेच राहतो.

मजूर शोधायचा तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलला शिकवण्यासाठी चित्रांना खुणा करणाऱ्यांत शोधावा. त्याला नगावर पैसे मिळतात. पहिल्या खंडातील (१८६७) नगावारी मजुरीच्या प्रकरणात बारा तासांत २४ नगांचे उदाहरण आहे: नगात भर पडते तीन पेन्सची, हाती येतो दीड पेनी. अशा मजुरीत देखरेख वेगळी करावी लागत नाही आणि मधल्या मुकादमांची साखळी वाढते, हेही तिथेच लिहिले आहे.

ही देखरेख आज कशी चालते? उत्तर आधीच ठाऊक असलेली चित्रे कामात गुपचूप मिसळतात. इतर चित्रे तिघा-पाच जणांना देऊन बहुमताचे उत्तर खरे धरतात. सायकलस्वाराभोवती चौकट काढायची आहे समजा. माणूस आणि सायकल मिळून एक चौकट की दोन, हे सूचनेत नसते. नीट विचार करून दोन काढणारा अल्पमतात जातो आणि त्याचेच काम नाकारले जाते. अवघड चित्रांवर अचूक माणसालाच फटका बसतो.

आता दराचे गणित. समजा नगाला दोन सेंट आणि वीस सेकंद. कागदावर तासाला १८० नग, ३.६० डॉलर. पण काम शोधणे, सूचना वाचणे, पात्रता चाचणी यांत तासातली वीस मिनिटे गेली तर उरतात १२० नग, २.४० डॉलर. त्यातले दहा टक्के नाकारले की २.१६. दर न बदलता चाळीस टक्के मजुरी गेली. २००५ पासून चालू असलेल्या ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्क या ऑनलाइन छोट्या कामांच्या बाजारात काम देणारा उत्तर नाकारून पैसे अडवू शकतो. उत्तर मात्र तोवर त्याच्या हाती आलेले असते. कापड नापसंत म्हणून परत केले तर ते निदान विणकराकडे येते. इथे तेही नाही.

तेव्हा मागण्या या कामाच्या भोवती हव्यात. दर ठरवताना शोधण्या-वाचण्याची मिनिटे धरावीत. नकाराचे कारण लेखी मिळावे आणि बहुमत फुटलेले चित्र माणसाने पुन्हा तपासावे. नाकारलेले उत्तर मॉडेलला शिकवताना वापरू नये, वापरल्यास त्याचे पूर्ण पैसे द्यावेत. कोणते उत्तर कुठे गेले याची नोंद यंत्रणेत असतेच, तीच कामगाराला दाखवावी.

– एक वाचक