‘राहणे-जेवणे मोफत’ म्हणजे नेमके किती तास?

संपादक महोदय,

‘परदेशी कुटुंबात राहा, मुलांना इंग्रजी शिकवा, राहणे-जेवणे मोफत’ अशा जाहिराती गोव्यातल्या पदवीधरांच्या मोबाईलवर सारख्या येत असतात. जाण्यात वाईट काहीच नाही. चार महिने परक्या घरात काढले की त्या देशाची जेवढी ओळख होते, तेवढी हॉटेलात राहून होत नाही. आमची तक्रार ‘मोफत’ या शब्दाबद्दल आहे. खोली आणि जेवण ही शिकवण्याची मजुरीच असते. मजुरी ठरली की तासही ठरायला हवेत, आणि जाहिरातीत नेमके तेवढेच नसते.

युरोपात या बाबतीत जुनी मोजपट्टी आहे. 1969 च्या युरोपीय करारात ‘ऑ पेअर’साठी, म्हणजे घरात राहून कामात हातभार लावणाऱ्या तरुणांसाठी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास, आठवड्यात किमान एक पूर्ण दिवस सुटी आणि लेखी करार असे ठरले. करार शक्यतो घरून निघण्यापूर्वी, निदान पहिल्या आठवड्यात तरी व्हावा, असेही त्यात आहे. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण आपल्या कागदावर तोच आकडा लिहायला कोण अडवतो?

यजमान दुष्ट असतात असे मुळीच नाही. घोटाळा होतो तो इंग्रजी मोजता येत नाही म्हणून. आईवडिलांना वाटते, शिक्षक घरातच आहे, तर मुलाशी दिवसभर इंग्रजी बोलेल. मग सकाळच्या दुधापासून रात्रीच्या टीव्हीपर्यंत शिकवणीच चालते. शिक्षकाला वाटते, आपण दोनच तास शिकवतो. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरात एक कागद लावावा: धडा किती वाजता, मुलाला शाळेतून आणायचे कोणी, गृहपाठ कोण घेणार. शाळेतून आणणे आणि गृहपाठ हे कामात धरावे, जेवणाच्या टेबलावरच्या गप्पा धरू नयेत. दोन मुले वेगवेगळ्या इयत्तेत असतील तर तो एक तास नव्हे, दोन.

सहा ते आठ वर्षांच्या मुलाला सलग तासभर बसवणे व्यर्थ. वीस-वीस मिनिटांचे दोन धडे करावेत. पाच मिनिटे कालचे, मग सहा नवे शब्द, उरलेला वेळ खेळ. थाळीत चमचा, किल्ली, लिंबू अशा दहा वस्तू ठेवा, फडक्याने झाका, हळूच एक काढून घ्या आणि काय गेले ते विचारा. मुलाला शब्द हवा असतो म्हणून तो आठवतो. दर चुकीला टोकले की तिसऱ्या दिवसापासून मूल गप्प बसते. चूक दुरुस्त करायचीच तर तेच वाक्य बरोबर रूपात सहज बोलून दाखवावे. कुठली चूक कुठून येते हे माहीत असले की चिडचिड कमी होते. स्पॅनिश मूल ‘स्कूल’ला ‘एस्कूल’ म्हणते, कारण त्याच्या भाषेत शब्द ‘स’च्या जोडाक्षराने सुरू होत नाही. जपानी मुलाला र आणि ल वेगळे ऐकूच येत नाहीत. व्हिएतनामी मूल शेवटचे व्यंजन गिळते.

आपलेही दोष आहेतच. मराठीत एकच ‘व’, इंग्रजीत दोन. ‘व्हेस्ट’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात. ‘वेस्ट’ म्हणताना दात लागत नाहीत, ओठांचा चंबू होतो. आठवडाभर आरशासमोर घोकले तर जमते.

आता कागदपत्रे. पर्यटक व्हिसावर शिकवणे चालत नाही. पैसे न घेता खोली-जेवणाच्या बदल्यात शिकवले तरी बहुतेक देश त्याला कामच मानतात, आणि पकडले गेल्यावर एजंट फोन उचलत नाही. शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामायिक, पर्यटक व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवस राहता येते, म्हणजे फक्त राहता येते. त्या व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. शिकवण्याचा व्हिसा मागताना बहुधा पदवी आणि पोलिसांचा दाखला अपोस्टिल करून, म्हणजे परदेशात ग्राह्य धरला जाणारा सरकारी शिक्का मारून, मागतात. भारत 2005 पासून अपोस्टिल करारात आहे. पदवी आधी राज्य पातळीवर प्रमाणित होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. ही साखळी उलट करता येत नाही, म्हणून दोन महिने हाताशी ठेवावेत. पोलिसांचा दाखला मात्र फार आधी काढू नये, त्याची मुदत संपते. दक्षिण कोरियाचा इंग्रजी शिक्षकांचा व्हिसा मुख्यतः सात इंग्रजीभाषक देशांच्या नागरिकांसाठी आहे. 2010 पासून लागू झालेल्या भारत-कोरिया करारामुळे भारतीयांनाही वाट मिळाली, पण त्यासाठी पदवीबरोबर इंग्रजी अध्यापनाची पात्रता लागते. पोर्तुगीज पासपोर्टवाल्या गोवेकरांना युरोपीय संघात कामाचा परवाना लागत नाही. मात्र तो पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व जाते. चार महिन्यांच्या शिकवणीसाठी हा सौदा कोणी करू नये.

जेवणाचे आधीच सांगावे, तेही नेमके. ‘शाकाहारी’ एवढे म्हटले तर स्पेनमध्ये सॅलडवर ट्यूना येतो. जपानी सूपात बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क असतो आणि व्हिएतनाममध्ये फिश सॉस कशातही पडतो. मासे चालतात पण सोमवारी नाही, ही आपली तऱ्हा तर कोणालाच कळत नाही, म्हणून वारासकट लिहून द्यावी. स्पेनमध्ये रात्रीचे जेवण नऊ-साडेनऊच्या आधी क्वचितच होते, संध्याकाळी पोटाला आधार ठेवावा. जपानी घरात अंग बाहेर धुऊन मगच टबात उतरायचे आणि पाणी सोडून द्यायचे नाही, त्याच पाण्यात घरातले बाकीचे बसतात. तिथली वीज 100 व्होल्टची, त्यामुळे आपला मिक्सर नेऊ नये. मोबाईलचा चार्जर चालतो.

भेट म्हणून भाजलेले काजूगर उत्तम. मानकुराद आंबे युरोपीय संघात प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत, नारळ चालतो. चोरीस, म्हणजे गोव्याची डुकराच्या मांसाची सॉसेजेस, बॅगेत सापडले तर विमानतळावरच जप्त होतात.

मुंबईत नोकरीला गेलेल्या गोवेकरांच्या कुडींमध्ये, म्हणजे गावागावांच्या सामायिक निवासांमध्ये, ट्रंक कुठे ठेवायची इथपासून नियम ठरलेले असत, आणि ती सगळी आपल्याच गावची माणसे. परक्या देशातल्या परक्या घरात मात्र आपण कागदाशिवाय उंबरा ओलांडतो.

दोन मागण्या. गोव्यातल्या महाविद्यालयांच्या प्लेसमेंट कक्षांनी अशा नेमणुकीसाठी एक पानी कराराचा नमुना ठेवावा: तास, सुटी, स्वतंत्र खोली, प्रवासखर्च, जमले नाही तर कोणत्या सूचनेवर घर सोडायचे. आणि वर्तमानपत्रांनी अशी जाहिरात घेताना व्हिसाचा प्रकार आणि आठवड्याचे तास या दोन ओळी मागून घ्याव्यात. ज्याला त्या देता येत नाहीत, त्याची जाहिरात आपण छापू नये.

आपले,
इंग्रजीचे काही शिक्षक, फोंडा