इंदूरच्या रामबागेतल्या शिवणवाल्या काकूंना

ती. काकू,
सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणता आणि मशीन चालू करता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. सूनबाई वाचून दाखवतील, तेवढा वेळ पाय थांबवा.

कॅन्सरमुळे माझा डावा स्तन काढला ही बातमी तुमच्यापर्यंत माझ्याआधीच पोचली होती. ती सगळ्या रामबागेतच पोचली होती म्हणा. भेटायला येणारा प्रत्येक जण एकच सांगायचा, पॉझिटिव्ह राहा. "तू तर वाघीण आहेस" असंही. कसली वाघीण! रात्री उठून उजव्या बाजूला गाठ चाचपत बसणारी बाई होते मी. केमोचं ते लाल औषध चढताना वाटली नव्हती एवढी भीती मला उपचार संपल्यावर वाटली. तोवर दर तीन आठवड्यांनी कुणीतरी तपासायचं, रक्त बघायचं. मग "आता तीन महिन्यांनी या" झालं, घरच्यांनी पेढे वाटले आणि माझी झोप उडाली. हे घरात सांगणार कुणाला? त्यांच्या लेखी प्रकरण मिटलं होतं.

हॉस्पिटलातल्या समुपदेशक मॅडमनी एक कागद दिला होता, त्यावर थर्मामीटरचं चित्र. 0 म्हणजे ताण नाही, 10 म्हणजे पराकोटीचा. 4 किंवा त्याच्या वर गेलं की नीट चौकशी करायची, असा त्यांचा हिशेब. मी 8 वर खूण केली. हे पहिल्यांदा बोलले ते तुमच्याकडे, माप देताना. तोंडातल्या टाचण्या काढून तुम्ही म्हणालात, "8 तर 8. हात वर कर."

काकू, त्या वाक्याने जे झालं ते कुठल्याच धीराच्या भाषणाने झालं नव्हतं.

त्याआधी मी एका दुकानात जाऊन आले होते. तिथल्या मुलीने "मॅडमको वो कैंसरवाला दिखाओ" असं आतल्या माणसाला ओरडून सांगितलं. मी तशीच बाहेर पडले आणि नंतर कितीतरी दिवस ओढणी पसरून, खांदा पुढे काढून चालायचे. तुम्ही मात्र टेप लावलीत तेव्हा नजर चोरली नाही की डोळ्यांत पाणी आणलं नाही. छातीच्या मधल्या हाडापासून काखेपर्यंत उजवीकडचं माप वेगळं घेतलं, डावीकडचं वेगळं. वहीत माझ्या नावापुढे दोन आकडे लिहिले आणि खाली रेघ मारली. नवऱ्यानेही तोवर तिथे हात लावला नव्हता. दुखेल म्हणून, बिचारा.

मग तुमचे प्रयोग! ब्लाउजच्या डाव्या बाजूला आधी कापूस भरलात. तो इतका हलका की हात वर केला की ब्लाउजसकट सगळं गळ्याशी. मी फिजिओथेरपीवाल्या ताईंचं म्हणणं सांगितलं, की एका बाजूचं वजन गेलं की खांदा वाकडा होतो, मान-पाठ धरते. तुम्ही क्षणभर विचार केलात आणि बाळांच्या उशांसाठी ठेवलेली मोहरी काढलीत. मलमलच्या पिशवीत थोडी थोडी घालून मला पाठमोरी उभी करायचं, खांद्यांची रेघ बघायची, पुन्हा चमचाभर काढायची. अस्तराला आतून खिसा, म्हणजे पिशवी काढून ब्लाउज धुता येतो. हूक पुढे, कारण हात मागे जात नव्हता. आणि डाव्या बाहीचा मुंढा मोकळा, दंडाला काचणार नाही असा. काखेतल्या गाठी काढल्यावर त्या हाताला सूज येऊ शकते, हे मी एकदाच बोलले होते. तुम्ही ते वहीत लिहून ठेवलंत.

औषधाचंही तुमच्यामुळेच झालं. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला मी तयार नव्हते, तर तुम्ही म्हणालात, "ह्यांची बीपीची गोळी चालते, मग ही का नाही?" गेले. त्यांनी सगळ्यात आधी विचारलं, टॅमॉक्सिफेन, म्हणजे स्तनाचा कॅन्सर उलटू नये म्हणून घ्यायची गोळी, चालू आहे का? उदासीवरच्या पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन अशा काही गोळ्या टॅमॉक्सिफेनचं काम कमी करू शकतात म्हणे, म्हणून त्यांनी दुसरी निवडली. ज्या बायका हे वाचत असतील त्यांनी आपल्या डॉक्टरांना दोन्हीकडच्या गोळ्या दाखवाव्यात, एवढंच सांगते.

पुढे मॅडमनी आणखी एक कागद दिला, 21 वाक्यांचा. टेडेस्ची आणि कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1996 मध्ये ही प्रश्नावली छापली. मोठ्या आघातानंतर माणसात काही भर पडते का, हे त्यात पाच अंगांनी बघतात: माणसांशी जवळीक, नव्या वाटा, स्वतःची ताकद, जगण्याची किंमत, अध्यात्म. अध्यात्मात मी जवळजवळ नापास. खजराण्याच्या गणपतीला पूर्वीइतकीच जाते, तेवढ्याच मागण्या करते. जवळिकीला मात्र भरपूर गुण दिले, आणि देताना तुमची खोली डोळ्यांसमोर होती. थर्मामीटरवर त्या दिवशीही मी 5 वर होते. मॅडम म्हणाल्या, दोन्ही एकाच वेळी असू शकतं, भीती गेल्याशिवाय वाढ होत नाही असं काही नाही. मला हे फार पटलं. कॅन्सरने मला घडवलं वगैरे मी म्हणणार नाही. तो स्तन परत मिळत असेल तर ही सगळी वाढ मी आज परत देईन. आभार मानायचे तर ते तुमचे, रोगाचे कशाला?

मी एकदा तुम्हाला पेपरातलं वाचून दाखवलं होतं, की 2022 या एका वर्षात भारतात सुमारे 1 लाख 92 हजार बायकांना स्तनाचा कर्करोग नव्याने निघाला. तुम्ही कात्री खाली ठेवून विचारलंत, "मग त्यांचे ब्लाउज कोण शिवतं?" त्यानंतरच मी केमोच्या वॉर्डात जाऊन बसायला लागले. उपदेश करत नाही. कुणी विचारलं तर ब्लाउज आतून उलटा करून दाखवते.

मंगळवारी बँकेतून सुटल्यावर येते. बरोबर सुदामानगरच्या एक बाई आहेत. त्यांची उजवी बाजू आहे, टाके भरलेत, सर्जननी पिशवी वापरायला हरकत नाही म्हटलंय. त्यांना अजून आरसा नकोसा वाटतो, तेव्हा त्यावर काहीतरी टाकून ठेवा. एम. टी. क्लॉथ मार्केटमधून मलमल मी आणतेय, मोहरी तुमची. आणि मागच्या दोन ब्लाउजांची शिलाई तुम्ही घेतली नव्हती, ती सूनबाईंच्या फोनवर टाकली आहे. परत पाठवू नका.

तुमची,
बँकवाली