निवडणुकीला जमतं, ते लग्नसराईला का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुळशीची लग्नं लागली की ग्वाल्हेरात वराती सुरू होतात आणि मागोमाग आपल्या अंकात ती ठरलेली बातमी येते: वरातीत गोळी सुटली, कुणी जखमी, कुणी जिवानिशी गेला. वाचणारा चंबळच्या मातीला बोल लावतो आणि पान उलटतो. अहो, १९७२ साली इथल्याच जौऱ्याला जयप्रकाश नारायणांच्या साक्षीने बागींनी, म्हणजे चंबळच्या डाकूंनी, शस्त्रं खाली ठेवली, त्याला अर्धशतक उलटलं. आज मांडवात बंदूक काढतो तो बहुधा नवरदेवाचा मामा असतो, नाहीतर कुणी ठेकेदार, आणि बंदूक अनेकदा रीतसर परवान्याची असते.

ग्वाल्हेरातल्या आमच्या लष्कर नावाच्या वस्तीत रात्री वरात गेली की सकाळच्या केरात झेंडूच्या पाकळ्यांबरोबर बारा बोरच्या बंदुकीच्या उडवलेल्या काडतुसांच्या लाल पुंगळ्या निघतात, पितळी बुडाच्या. पोरं त्या खेळायला उचलतात. गच्चीतून पाहावं तर घोडीपुढे डीजेच्या दणदणाटात एकजण एका हाताने दुनाळी उंच धरून बार काढत असतो. दुसऱ्या हातात मोबाइल, पोटात दारू. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच. पण त्याहून मोठा धोका असा, की गर्दीत धक्का लागतो आणि चाप ओढला जातो तेव्हा नळी आडवी झालेली असते.

कायदा अपुरा आहे असं म्हणायला जागा नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने समारंभात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही सांगितले आहेत. एका माणसाला तीन बंदुका ठेवता येत होत्या, त्या दोनवर आणल्या. पण आपल्याकडे परवाना म्हणजे मानपत्र. २००८ साली शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य देऊ केलं होतं. २०१९ मध्ये खुद्द ग्वाल्हेरात परवाना हवा तर दहा झाडं लावा, गोशाळेला दहा कांबळी द्या, असं सांगण्यात आलं. झाडं लावावीतच, पण त्यावरून माणसाच्या हाती बंदूक द्यावी की नाही, हे कसं कळणार?

आता मुद्द्याचं. आचारसंहिता लागली की हेच प्रशासन भराभर बंदुका ठाण्यात जमा करून घेतं. पावती मिळते, निकालानंतर पावती दाखवून बंदूक परत. बँकेच्या रखवालदारांसारख्यांना सूट असते, ती असावीच. म्हणजे कुणाकडे काय आहे याची यादी आहे, ठाण्यात जागा आहे, मनुष्यबळही निघतं. मग ज्याचं नाव एकदा तरी अशा गोळीबारात आलं, त्याची बंदूक निदान लग्नसराईपुरती ठाण्यात का राहू नये? त्याचा परवाना निलंबित करण्याचा अधिकार कायद्याने दिलेलाच आहे.

मॅरेज गार्डनवाल्यांनाही, म्हणजे लग्नाला जागा भाड्याने देणाऱ्यांनाही, यात ओढलं पाहिजे. बुकिंगच्या पावतीवर डीजेपासून उरलेल्या अन्नापर्यंत सगळ्या अटी असतात. आत बंदूक आणल्यास अनामत जप्त, ही एक वाढवावी. मालक गिऱ्हाइकाला दुखवणार नाही हे उघड आहे, म्हणून गोळी सुटली तर त्याच्या गार्डनची परवानगीही अडकवावी. आणि परवानाधारकाला नवी काडतुसं हवीत तर त्याने जुन्या पुंगळ्या मोजून द्याव्यात, हिशेब सांगावा. रस्त्यात उडवलेल्यांचा हिशेब काय देणार?

आपण मराठी मंडळींनी ‘हे इकडच्या ठाकूर-गुर्जरांचं’ म्हणून अंग काढून घेऊ नये. गांधीजींच्या हत्येतलं पिस्तूल १९४८ साली याच शहरातून मिळवलं गेलं होतं. आजही जुन्या वाड्यांत आजोबांची बंदूक कपाटावर चादरीत गुंडाळलेली असते. परवाना त्यांच्या नावाचा, आजोबा कधीच गेले. माझ्या ओळखीच्या एक काकू वर्षानुवर्षं तिला हात लावत नाहीत आणि ठाण्यातही नेत नाहीत. चौकशी मागे लागेल ही भीती. वास्तविक वारसाने ती ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, नाहीतर स्वतःच्या नावे अर्ज करावा, एवढंच. घरात नैराश्याने ग्रासलेलं कुणी असेल तर त्या कपाटाचा धोका वरातीपेक्षा मोठा. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. ठाण्याने महिन्यातला एक दिवस अशा म्हाताऱ्या माणसांसाठी ठेवला, घरी येऊन बंदूक नेली आणि पावती हातात दिली, तर बरीच कपाटं मोकळी होतील.

एक विनंती आपल्यालाही. गोळीबाराची बातमी पहिल्या पानावर येते, पुढे त्या परवान्याचं काय झालं ते कधी वाचायला मिळत नाही. रद्द झाला, की पुढच्या लग्नाला तीच दुनाळी पुन्हा बाहेर आली, हे दर हंगामाच्या शेवटी विचारून छापाल का?

आपला,
एक नियमित वाचक
लष्कर, ग्वाल्हेर