पंखामागचे गणित गाळू नये

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) विमानांवरचा लेख आवडीने वाचला. 'हल्ली पंखाची आकडेमोड संगणकच करतो' हे त्यातले वाक्य मात्र पटले नाही. दादरच्या एका महाविद्यालयात मी निवृत्तीपर्यंत गणित शिकवले. टीवायच्या (पदवीच्या तिसऱ्या वर्षाच्या) वर्गात मला सर्वांत रमवणारा विषय हाच, पंखाभोवतीच्या हवेच्या समीकरणांचा.

हवा ध्वनीपेक्षा सावकाश वाहत असते तेव्हा येणाऱ्या पंखाची चाहूल तिला दाबाच्या लहरींतून आधीच लागते. तिच्या प्रवाहाचे समीकरण 'एलिप्टिक' प्रकारचे असते, म्हणजे एका बिंदूचा परिणाम सगळीकडे पोचतो. वेग ध्वनीच्या पुढे गेला की त्यातल्या एका पदाचे चिन्ह उलटते, समीकरण 'हायपरबोलिक' प्रकारचे होते आणि चाहूल पुढे पोचेनाशी होते. ती मागच्या शंकूतच राहते. मॅक २ ला (ध्वनीच्या दुप्पट वेगाला) त्या शंकूची कड प्रवाहाशी ३० अंशांचा कोन करते. पातळ पंखासाठी अभियंता याकोब आकेरेट यांनी १९२५ मध्येच सूत्र दिले: मॅक अंकाच्या वर्गातून एक वजा करा, त्याचे वर्गमूळ काढा आणि पंखाने प्रवाहाशी केलेल्या कोनाच्या चौपटीला त्याने भागा. उचलीचा (पंखाला वर ढकलणाऱ्या बलाचा) गुणांक हाती येतो. कोन रेडियनमध्ये हवा, एवढेच. फळ्यावर दोन ओळींत मावते!

खरी परीक्षा मधल्या वेगांत. सांताक्रूझहून उडालेले प्रवासी जेट उंचावर मॅक ०.८ च्या आसपास जाते, तेव्हा पंखाच्या वरच्या अंगाला काही भागात हवा ध्वनीला मागे टाकते. म्हणजे एकाच प्रवाहात दोन्ही प्रकारची समीकरणे, आणि त्यांची सीमा कुठे हे उत्तर काढल्याशिवाय कळत नाही. आघात तरंग (हवेच्या दाबाची एकाएकी उडी) टाळणारा आकार सापडलाच, तरी तो किंचित बदलताच तरंग परततो, हे गणितज्ञ कॅथलीन मोराविट्झ यांनी १९५० च्या दशकात सिद्ध केले. वाट मोकळी केली ती १९७१ मध्ये मर्मन आणि कोल या संशोधकांनी: प्रवाह स्वनातीत असेल तिथे जिकडून हवा येते त्याच बाजूच्या बिंदूंचे आकडे घ्यायचे, इतरत्र दोन्ही बाजूंचे. संगणक तेव्हाही होते. कुठे कोणती रीत वापरायची, हे संगणकांना गणितानेच सांगितले.

आमची मुले 'बी वर्ग वजा चार एसी' (समीकरण कोणत्या प्रकारचे हे सांगणारे सूत्र) पाठ करून पेपर लिहितात आणि हे कशाला शिकायचे, असे विचारतात. ते त्यांना कळायला हवे. पवईच्या आयआयटीत एरोस्पेस विभाग आहे. तिथल्या एखाद्या अभ्यासकाकडून या विषयावर आकृत्यांसह लेख लिहून घ्यावा आणि तो परीक्षांच्या आधी छापावा, ही विनंती.

– एक निवृत्त प्राध्यापिका, दादर, मुंबई