भाषा अनेक, रनटाइम एक

संपादक महोदय,

संगणकविषयक लेखनात ‘कोणती प्रोग्रामिंग भाषा शिकावी’ याची चर्चा भरपूर होते. ती भाषा ज्या रनटाइमवर, म्हणजे प्रोग्राम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रणालीवर, चालते, त्याची मात्र क्वचितच. म्हणून हे पत्र.

जावा, स्काला, क्लोजर आणि कॉटलिन यांचे व्याकरण एकमेकांपासून बरेच दूर असले, तरी त्यांचे कंपायलर (कोडचे भाषांतर करणारे प्रोग्राम) जेव्हीएमला, म्हणजे जावा व्हर्च्युअल मशीन या रनटाइमला, समजणारा एकाच प्रकारचा बाइटकोड (मधल्या टप्प्यातील सूचना) तयार करू शकतात. मेमरी मोकळी करणे, थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामे) सांभाळणे, वारंवार चालणारा कोड यंत्रभाषेत उतरवणे ही जबाबदारी जेव्हीएमची असल्याने नवी भाषा घडवणाऱ्यांचे कष्ट वाचतात, शिवाय जावाच्या लायब्ररी आयत्या मिळतात.

तथापि, असा रनटाइम सर्व भाषांना समान वागवतो हा समज खरा नाही. जावात 2004 मध्ये जेनेरिक्स (एकच कोड वेगवेगळ्या डेटा-प्रकारांसाठी वापरण्याची सोय) आले, तेव्हा जुन्या कोडशी सुसंगती राखण्यासाठी त्यांतील प्रकारांची बरीचशी माहिती कंपाइल होतानाच पुसून टाकण्याचा मार्ग निवडला गेला, आणि पुढे स्काला व कॉटलिन यांनाही त्या निर्णयाशी जुळवून घ्यावे लागले. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट या रनटाइमने 2005 मध्ये हीच माहिती रनटाइममध्ये टिकवून ठेवली. जेव्हीएमने इतर भाषांचा विचार केलाच नाही, असेही नाही. 2011 च्या जावा 7 मध्ये ‘इन्व्होकडायनॅमिक’ ही सूचना मुख्यतः डायनॅमिक भाषांसाठी, म्हणजे ज्यांत डेटाचे प्रकार प्रोग्राम चालतानाच ठरतात अशा भाषांसाठी, आली. गंमत म्हणजे जावाच्या स्वतःच्या कंपायलरने ती पुढच्या आवृत्तीत, लॅम्डांसाठी (छोट्या निनावी फंक्शनांसाठी), वापरायला घेतली.

रनटाइम एक असला म्हणून भाषांचे परस्परांशी आपोआप जुळते, असेही नाही. डॉट नेटवरील भाषांपैकी सी शार्प इंग्रजीच्या लहान-मोठ्या अक्षरांत भेद करते, व्हिज्युअल बेसिक करत नाही. म्हणून डॉट नेटच्या सामाईक नियमांनुसार दोन सार्वजनिक नावांत केवळ तेवढाच फरक चालत नाही. 2019 मध्ये वेब मानक झालेल्या वेबअसेंब्लीच्या (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बाइटकोडच्या) पहिल्या आवृत्तीत तर फंक्शनला फक्त संख्याच देता येत. साधी स्ट्रिंग (मजकूर) द्यायची, तरी ती मेमरीत ठेवून तिचा पत्ता आणि लांबी कळवावी लागे.

अभ्यासक्रमात दुसरी भाषा शिकवताना एखादे छोटे फंक्शन जावा आणि कॉटलिन या दोहोंत लिहून, जेडीके या जावाच्या साधनसंचासोबत येणाऱ्या, बाइटकोड वाचता येईल असा मांडणाऱ्या ‘जावापी’ने दोन्हींचा बाइटकोड शेजारी शेजारी दाखवावा, अशी माझी सूचना आहे. त्याला एका तासिकेहून अधिक वेळ लागू नये.

आपला,
एक वाचक