ऑटोमॅटिक गाडी टोचन करण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बंद पडलेली मोटार टोचन करून नेणे ही आपल्याकडे इतक्या सरावाची गोष्ट आहे, की तिच्यात काही चूक होऊ शकते आणि ती चूक मूळ बिघाडापेक्षा किती तरी महाग पडू शकते, हे फारसे कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते.

माझ्याकडे 1990च्या दशकातली, डब्ल्यू 124 मालिकेतली मर्सिडीज आहे. याच मालिकेच्या गाड्यांची जुळणी 1995 पासून पिंपरीत होऊ लागली होती, त्यामुळे पुणे परिसरात या गाड्या आजही अधूनमधून दिसतात. गाडी 4 वेगांची ऑटोमॅटिक असून इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. गेल्या पावसाळ्यात लोणावळ्याजवळ तिचा पाण्याचा होज फुटला. इंजिन तापण्याआधीच मी ते बंद केले आणि मदतीसाठी फोन लावला. दीड तासाने क्रेन आली. मुले कामसू आणि बोलायला अदबशीर होती. ‘गिअर न्यूट्रलला टाका काका, पुढून उचलतो,’ असे ती म्हणाली आणि मीही निमूटपणे तसे केले. पुढची चाके हवेत, मागची रस्त्यावर, अशा अवस्थेत गाडी सुमारे 65 किलोमीटर, महामार्गाच्या वेगाने, पुण्यापर्यंत आली. होज काही शे रुपयांचा होता, तो दुसऱ्या दिवशी बदलून झाला. पण गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये, टाकल्यावर इंजिन नुसते घोंगावायचे आणि गाडी जागची हलायची नाही. मिस्त्रींनी गिअरबॉक्सची पट्टी ओढून तेल पाहिले. एरवी लाल असणारे ते तेल काळे पडले होते आणि त्याला जळका वास येत होता. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : ‘गाडी आणली कशी?’

गिअर न्यूट्रलमध्ये टाकला की गिअरबॉक्स मोकळा होतो, ही समजूत हातांनी गिअर बदलायच्या गाड्यांमुळे आपल्या अंगवळणी पडली आहे. तशा बहुतेक गाड्यांत गिअरची चक्रे तेलात अर्धवट बुडालेली असतात, फिरताना स्वतःच तेल उडवतात, आणि त्यामुळे इंजिन बंद असूनही त्यांना वंगण मिळत राहते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये वंगणाचे काम एक पंप करतो आणि तो पंप टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या भागाच्या) मार्फत इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे सगळे तेल खालच्या ताटलीत निपचित पडलेले. इकडे रस्त्यावर फिरणारी मागची चाके प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, फिरवतात, शाफ्ट गिअरबॉक्सचा मागचा दांडा फिरवतो, आणि त्याला जोडलेली चक्रे, बुश आणि क्लचच्या चकत्या एकमेकींवर कोरड्या घासत राहतात. ‘एन’मध्ये, म्हणजे न्यूट्रलमध्ये, इंजिनाकडचा दुवा सुटतो, चाकांकडचा तसाच जोडलेला राहतो. हे आमच्या मिस्त्रींनी मला पाच मिनिटांत, चहाचा पेला टॉर्क कन्व्हर्टर आहे असे समजून दाखवले. ते पाच मिनिटांचे ज्ञान मला लाखाच्या घरात पडले.

फार जुन्या काही ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना मागच्या बाजूलाही एक पंप असे आणि तो चाकांवर फिरत असे. तशा गाड्या ढकलून सुरूसुद्धा करता येत. ‘आमच्या वडिलांची गाडी तर आम्ही ढकलून चालू करायचो’ असे सांगणारी वडीलधारी मंडळी खोटे बोलत नाहीत, परंतु ती सोय पुढे उत्पादकांनी काढून टाकली आणि आज रस्त्यावर असलेल्या गाड्यांकडून तिची अपेक्षा धरू नये.

अनेक उत्पादकांनी माहितीपुस्तिकेत इंजिन बंद असताना मागची चाके जमिनीवर ठेवून न्यायला मुभा दिली आहे, पण ती वेग साधारण ताशी 50 किलोमीटर आणि अंतरही तितक्याच किलोमीटरांच्या आत ठेवण्याच्या अटीवर. काहींनी ती अजिबात दिलेली नाही. त्यामुळे आपल्या गाडीची पुस्तिका हाच शेवटचा शब्द मानावा. शिवाय ज्या गिअरबॉक्समधून आधीच तेल गळते आहे, किंवा जो स्वतःच बिघडला आहे, त्याला ही मुभा लागू नाही.

सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे चारही चाके उचलून नेणारी फ्लॅटबेड गाडी मागवणे. जुन्या सलून गाड्यांचे बंपर खाली असतात, म्हणून चढवताना उताराखाली लाकडी फळ्या टाकून चढ कमी करावा लागतो, आणि वर चढवल्यावर पट्टे चाकांवरून बांधावेत, सस्पेन्शनच्या दांड्यांना साखळ्या अडकवू नयेत. फ्लॅटबेड मिळत नसेल तर मागची चाके उचलावीत. मात्र तसे करताना स्टिअरिंग सरळ ठेवून पट्ट्याने घट्ट बांधले पाहिजे. चावी काढल्यावर लागणारे कुलूप चोराला अडवण्यासाठी असते. खड्ड्यांतून तासभर पुढची चाके सरळ धरून ठेवण्याच्या कामासाठी त्यावर विसंबू नये. पुढून उचलण्यावाचून गत्यंतरच नसेल तर मागच्या चाकांखाली छोट्या चाकांची डॉली सरकवावी. तीही नसेल तर प्रॉपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या (मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या डब्याच्या) बाजूने सोडवून तारेने वर बांधून ठेवावा. हे काम जाणत्या मेकॅनिकचे आहे. शाफ्ट पुन्हा पूर्वीच्याच स्थितीत बसावा म्हणून सोडवण्याआधी दोन्ही बाजूंना खूण करावी लागते. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते : शाफ्ट सुटला की गिअर ‘पी’मध्ये (पार्कमध्ये) असूनही गाडी उतारावर थांबत नाही. तेव्हा आधी हँडब्रेक लावून चाकांना दगड किंवा ओंडके लावावेत, मग गाडीखाली शिरावे.

दोर बांधून ओढत नेण्याविषयी थोडेच लिहितो, कारण घाटात आणि द्रुतगती मार्गावर तो विचारच करू नये. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत दोन-तीन वेळा पेडल दाबल्यावर संपते. दीड टनाच्या आसपासची गाडी मग केवळ पायाच्या जोरावर थांबवावी लागते.

हा प्रश्न जुन्या मर्सिडीज बाळगणाऱ्या मूठभर हौशी लोकांचा आहे, असे कोणाला वाटेल. परंतु 2016 मध्ये आलेल्या इनोव्हा क्रिस्टाची ऑटोमॅटिक आवृत्ती मागच्या चाकांवर चालते. दोन चाकी ओढीची ऑटोमॅटिक फॉर्च्युनरही तशीच. या गाड्या आता जुन्या होऊ लागल्या आहेत आणि एका मालकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यांची माहितीपुस्तिका बहुधा पहिल्याच मालकाकडे राहून जाते. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्या तर फ्लॅटबेडवरच न्याव्यात. याउलट शहरातल्या बहुतेक छोट्या गाड्या पुढच्या चाकांवर चालतात आणि त्यांना पुढून उचलणे योग्यच असते. क्रेनवरच्या मुलांना दिवसभर त्याच गाड्या भेटतात, तेव्हा त्यांचा हात सवयीने पुढच्या बंपरकडे गेला तर सगळा दोष त्यांच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही.

दोष आहे तो फोनवर न विचारल्या गेलेल्या दोन प्रश्नांचा. मला त्या दिवशी गाडीचा रंग विचारला गेला, नंबर विचारला गेला, विम्याची मुदत विचारली गेली. गाडी ऑटोमॅटिक आहे का आणि कोणत्या चाकांवर चालते, हे कोणी विचारले नाही. रस्त्यावर मदत पुरवणाऱ्या कंपन्यांनी आणि विमा कंपन्यांनी हे दोन प्रश्न आपल्या नोंदीत घालावेत आणि त्यांच्या उत्तरावरून कोणती गाडी पाठवायची ते ठरवावे. वाहतूक पोलिसांसाठी नो पार्किंगमधील मोटारी उचलणाऱ्या ठेकेदारांनाही डॉली ठेवणे बंधनकारक करावे. अशा ऑटोमॅटिक मोटारी मालकाने ‘पी’मध्ये आणि हँडब्रेक लावून सोडलेल्या असतात, आणि त्या पुढून उचलून ओढल्या की मागची चाके फरफटत जातात किंवा गिअरबॉक्समधला अडसर मोडतो.

तोवर मी माझ्यापुरती तजवीज केली आहे. चालकाच्या बाजूच्या सनव्हायझरवर मराठीत आणि हिंदीत एक पट्टी चिकटवली आहे : ‘ऑटोमॅटिक. ताकद मागच्या चाकांना. पूर्ण उचलून न्यावी.’ क्रेन आली की सनव्हायझर खाली करायचा आणि बोट दाखवायचे.

आपला विश्वासू,
एक वाचक,
कोथरूड, पुणे